परदेशात धंदा उभा करायचाय? मग कंपनी सगळ्यात शेवटी, आधी गिऱ्हाईक

परदेशात धंदा टाकायचा म्हटलं की बहुतेक लोक पहिलं काम करतात ते कंपनी रजिस्टर करायचं, कारण तेच सगळ्यात सोपं असतं, ऑनलाइन फॉर्म भरा, फी भरा, थोड्या दिवसांत सर्टिफिकेट मेलवर येतं आणि वाटतं की चला, आता आपला तिकडे बिझनेस झाला. एस्टोनियाने तर २०१४ पासून ई-रेसिडेन्सी सुरू केलीय, ते कार्ड हातात असलं की घरी बसून लॅपटॉपवरून कंपनी काढता येते. पण कंपनी काढणं हा कधीच खरा प्रश्न नव्हता. बँक खातं उघडेल का, तुम्हाला तिथे काम करायची परवानगी आहे का, टॅक्स नक्की कुठल्या देशात बसणार, आणि तुम्ही तिथे नसताना रोजचं काम कोण बघणार, लोक अडकतात ते इथे. आणि कंपनी आधी काढून ठेवली की या प्रश्नांची उत्तरं मिळायच्या आधीच अकाउंटंटची बिलं, पत्त्याचं भाडं, वार्षिक फाइलिंग असा खर्च चालू होतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी गिऱ्हाईक, मग व्हिसा आणि टॅक्सचं चित्र, मग बँकेशी बोलणी, आणि कंपनीचा फॉर्म त्याच्यानंतर. खाली त्याच क्रमाने सांगतोय.

आधी विकून बघा

बऱ्याच देशांत माल किंवा सर्व्हिस विकायला तिथली कंपनी लागतच नाही. तुमची आत्ताची कंपनी थेट एक्सपोर्ट करू शकते, तिकडचा डिस्ट्रिब्युटर माल विकत घेऊन पुढे विकू शकतो, किंवा कमिशनवर एजंट नेमता येतो. या तिन्हीत तुमचे पैसे कमी अडकतात आणि बाजार कळतो. कळतो म्हणजे काय, तर गिऱ्हाईक आत्ता कुणाकडून घेतो, किती दिवसांनी पैसे देतो, माल परत आला तर भुर्दंड कुणावर, कुठलं सर्टिफिकेट नसेल तर तो बोलायलाच तयार नाही, आणि ऑर्डर द्यायचा अधिकार नक्की कुणाच्या हातात आहे. या गोष्टी मार्केट रिपोर्टमध्ये मिळत नाहीत, दहा-पंधरा खऱ्या गिऱ्हाइकांशी बसून बोललं की मिळतात. आणि कोणी "छान आहे हो तुमचं प्रॉडक्ट" म्हणाला तर ते मोजू नका, ॲडव्हान्स दिला किंवा छोटी ऑर्डर सही करून दिली तरच मोजा.

मोठ्यांचंही बघा. वॉलमार्टने १९९७च्या शेवटी जर्मनीत दोन दुकानसाखळ्या विकत घ्यायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये ८५ स्टोअर्स विकून बाहेर पडली, तिथे आधीच स्वस्तात विकणारे घट्ट बसलेले होते आणि कामगारांशी वागायची तिची पद्धत तिथे चालली नाही. स्टारबक्सने ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकानं बंद केली, कारण तिथे चांगली कॉफी गल्लीगल्लीत आधीपासून मिळत होती. टार्गेट ही अमेरिकन दुकानसाखळी २०१३ मध्ये कॅनडात शिरली, थोड्याच काळात १३३ दुकानं उघडली आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळी बंद करतो म्हणून जाहीर केलं, एक मोठं कारण हे की सिस्टिममध्ये मालाची माहितीच चुकीची भरली गेली होती, त्यामुळे गोदामं भरलेली आणि फडताळं रिकामी. या कंपन्यांकडे पैसा, वकील, सल्लागार सगळं होतं. छोट्या माणसाला त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त मिळते, तो एका शहरात, एका गिऱ्हाइकापासून सुरू करू शकतो. तो फायदा सोडू नका.

एजंट आणि डिस्ट्रिब्युटर यातला फरक मात्र करार करायच्या आधी नीट समजून घ्या. डिस्ट्रिब्युटर स्वतः माल घेतो, किंमत स्वतः ठरवतो, बुडालं तर त्याचं. एजंट फक्त ऑर्डर आणतो, माल तुमचा, उधारी तुमची. आणि युरोपियन युनियनमध्ये १९८६चं एक डायरेक्टिव्ह (सगळ्या सदस्य देशांनी आपल्या कायद्यात आणायचा नियम) आहे, त्यानुसार माल विकणाऱ्या कमर्शियल एजंटला तुम्ही काढून टाकलं तर त्याला नुकसानभरपाई मागता येते, जर्मनीसारख्या देशात ती जास्तीत जास्त एका वर्षाच्या सरासरी कमिशनएवढी जाऊ शकते. करारात "भरपाई मिळणार नाही" असं आधीच लिहून ठेवलं तरी ते टिकत नाही. शिवाय पहिल्याच डिस्ट्रिब्युटरला पूर्ण देशाचे एक्सक्लुसिव्ह हक्क देऊ नका, दिलेच तर वर्षाचं किमान विक्रीचं टार्गेट लिहा आणि ते नाही झालं तर हक्क आपोआप संपतात असंही लिहा.

प्रॉडक्ट वस्तू असेल तर नियम आधी तपासा, कंटेनर निघाल्यावर नाही. उदाहरणार्थ युरोपियन युनियनमध्ये १३ डिसेंबर २०२४ पासून सामान्य ग्राहकाला जाणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी युनियनच्या आत बसलेला एक जबाबदार पक्ष लागतो, आणि त्याचं नाव-पत्ता वस्तूवर किंवा पॅकिंगवर छापावा लागतो. हा इम्पोर्टर असू शकतो, पैसे घेऊन हे काम करणारी फर्मही असते. नसेल तर माल कस्टम्समध्ये किंवा ऑनलाइन मार्केटप्लेसवर अडकतो.

ट्रेडमार्क सुद्धा याच टप्प्यावर. ट्रेडमार्क देशापुरता असतो, तुमच्या देशात नोंदवलाय म्हणून दुसरीकडे तुमचा होत नाही, आणि चीनसारख्या देशात जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क धरला जातो, वापर कोणी आधी केला याला फार महत्त्व नाही. पॅरिस कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे एका देशात अर्ज केल्यापासून ६ महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केलात तर पहिलीच तारीख धरली जाते. बरेच देश एकदम हवे असतील तर माद्रिद पद्धतीने (ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीची व्यवस्था) एका अर्जात होतं. डिस्ट्रिब्युटरला म्हणायचं नाही की "तूच कर ना तिकडे रजिस्टर", ब्रँड त्याच्या नावावर गेला की भांडण झाल्यावर तुमचं नाव त्याच्याकडे राहतं.

व्हिसा आणि कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की ठळक सांगतो. एखाद्या देशात कंपनीचे शेअर्स तुमच्या नावावर असणं म्हणजे तिथे राहायची किंवा काम करायची परवानगी नाही. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी हा व्हिसा नाही आणि त्याने तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंटही होत नाही. अमेरिकेत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढता येते पण त्याने अमेरिकेत बसून काम करता येत नाही. बिझनेस व्हिजिटवर साधारण मीटिंग, प्रदर्शन, कराराची बोलणी चालतात, पण दुकानात काउंटरमागे उभं राहणं, गिऱ्हाइकाला सर्व्हिस देणं, स्टाफवर देखरेख करणं हे बहुतेक ठिकाणी काम धरलं जातं, आणि ते पकडलं तर पुढचे व्हिसाही अवघड होतात.

उद्योजकांसाठीचे व्हिसा असतात पण अटी पटकन बदलतात. जपानचा बिझनेस मॅनेजर व्हिसा वर्षानुवर्षं ५० लाख येन भांडवलावर मिळायचा, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती रक्कम एकदम ३ कोटी येन झाली आणि वर पूर्णवेळ कर्मचाऱ्याची अट आली. अमेरिकेचा ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा फक्त ज्या देशांशी तसा करार आहे त्यांच्याच नागरिकांना मिळतो, पैसा कितीही असो पासपोर्ट त्या यादीतला नसेल तर विषय संपला. म्हणून पहिला प्रश्न देश कुठला भारी असा न विचारता माझ्या पासपोर्टला कुठल्या देशात काय मिळतं असा विचारा, आणि उत्तर त्या देशाच्या सरकारी इमिग्रेशन साइटवरच वाचा, दोन वर्षं जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. रँकिंगांचंही तेच, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं ते सांगणारी वर्ल्ड बँकेची प्रसिद्ध डुइंग बिझनेस यादी आकड्यांमधल्या गडबडीमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये बंदच झाली, तरी अजून लोक ती दाखवून देश निवडतात.

तुम्ही स्वतः तिथे राहणार नसाल तर व्हिसाचा प्रश्न सुटतो, पण मग तिथे बसणारा विश्वासू माणूस लागतो, आणि तो मिळवणं व्हिसापेक्षा सोपं असेलच असं नाही.

टॅक्स: कंपनी कुठली यापेक्षा काम कुठे बसून चालतं ते बघतात

इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात महागात पडणाऱ्या गोष्टी या भागात आहेत.

समजा तुम्ही टॅक्स कमी म्हणून यूएईमध्ये कंपनी काढली. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना तिथे कॉर्पोरेट टॅक्स आहे, ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के, म्हणजे "तिकडे टॅक्सच नाही" हे आता जुनं झालं. पण ते सोडा. तुम्ही स्वतः तुमच्याच देशात बसून त्या कंपनीचे सगळे निर्णय घेताय, भाव तुम्ही ठरवताय, करारावर सही तुम्ही करताय, तर तुमच्या देशाचं टॅक्स खातं म्हणू शकतं की ही कंपनी कागदावर बाहेरची असली तरी चालवली इथूनच जातेय, तेव्हा टॅक्स इथे भरा. हा नियम बऱ्याच देशांत आहे. उलट बाजूने, कंपनी तुमच्या देशाची पण तुमचा माणूस परदेशात कायम ऑफिस थाटून बसलाय किंवा तुमच्या वतीने करार पक्के करतोय, तर त्या देशाच्या नजरेत तुमचं तिथे कायमस्वरूपी ठाणं झालं आणि त्या नफ्यावर तिथे टॅक्स लागतो. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नमुना कर-करारात बांधकामाची साइट १२ महिन्यांच्या वर चालली की ठाणं धरतात, संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात ६ महिन्यांच्या वर. जगात असे दुहेरी कर टाळायचे ३,००० हून जास्त करार आहेत, तुमच्या दोन देशांमधला कुठला आहे तो उघडून ठाण्याबद्दलचं कलम ५ वाचा, ते एवढं अवघड नाही.

स्वतःच्या दिवसांची नोंद ठेवा. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांचा निकष असतो, पण तो एकटा नसतो, घर कुठे, कुटुंब कुठे हेही बघतात, त्यामुळे १८० दिवस राहून निघालो म्हणजे सुटलो असं नाही. एका साध्या शीटमध्ये आल्या-गेल्याच्या तारखा आणि बोर्डिंग पास ठेवले की पुढे वाद घालायला हातात काहीतरी असतं.

मग विक्रीवरचा टॅक्स. हा नफ्यावर नसतो, तोट्यात असलात तरी लागतो, म्हणून छोट्या धंद्याला हाच आधी बुडवतो. यूकेत व्हॅट रजिस्ट्रेशनची मर्यादा ९०,००० पाउंड आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती तिथे ठाणं असलेल्यांसाठी आहे, बाहेर बसून तिथे करपात्र विक्री करणाऱ्याला ती सूट नाही, पहिल्या विक्रीपासून रजिस्टर व्हावं लागतं. अमेरिकेत देशभराचा एकच सेल्स टॅक्स नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर राज्यं दुकान-गोदाम नसलेल्या बाहेरच्या विक्रेत्यालाही धरू शकतात, बऱ्याच राज्यांत वर्षाला १,००,००० डॉलर विक्री ही रेघ आहे. किंमत ठरवताना हा टॅक्स आत धरलाय की वर लावणार हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, नाहीतर तो तुमच्या मार्जिनमधून जातो.

आणि नफा घरी आणताना कापला जाणारा टॅक्स. यूके आणि सिंगापूर डिव्हिडंडवर साधारणपणे काही कापत नाहीत, जर्मनीत सरचार्ज धरून २६.३७५ टक्के कापतात, अमेरिकेत कॉर्पोरेशनने परदेशी शेअरहोल्डरला दिलेल्या डिव्हिडंडवर ३० टक्के, करार असेल तर कमी. त्यामुळे कॉर्पोरेट टॅक्सचा दर एकटा बघून देश निवडणं चूक आहे, शेवटी तुमच्या हातात किती पडतात ते पूर्ण साखळी मांडून बघा.

या टप्प्यावर दोन्ही देशांतल्या टॅक्सच्या माणसांना एकाच कॉलवर बसवा. एकाने एक सांगायचं आणि दुसऱ्याने दुसरं, आणि मध्ये तुम्ही, असं होऊ देऊ नका. त्या एका तासाची फी खटकते, तरी द्या.

बँकेशी बोलणं कंपनीच्या आधी

कंपनी आहे पण खातं नाही, ही अवस्था खूप जणांची होते. बँकेला परदेशी मालक म्हणजे जास्त तपासणी, जास्त जोखीम, आणि छोट्या खात्यात तिला मिळणार काय, म्हणून ती सरळ नाही म्हणते आणि कारणही देत नाही. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन बँकांना आणि एखाद्या ऑनलाइन पेमेंट संस्थेला विचारून घ्या की अशा प्रकारची कंपनी, असा मालक, असा धंदा, तुम्ही घेता का.

समोरचा अधिकारी काय विचारतो ते बघा. पहिल्या वर्षात खात्यात किती पैसे येतील आणि कुठल्या देशांतून. पहिली पाच गिऱ्हाइकं कोण, पुरवठादार कोण. हे सुरुवातीचं भांडवल तुमच्याकडे आलं कुठून. या देशातच खातं का हवंय. कंपनीचा खरा मालक कोण, मध्ये दुसरी कंपनी असेल तर तिचा मालक कोण. यातल्या एकाही प्रश्नावर "बघू, अजून ठरायचंय" असं उत्तर गेलं की फाइल बाजूला पडते. आणि आता लक्षात येईल की मी गिऱ्हाईक आधी का म्हणतोय, कारण ज्याच्याकडे सही केलेला करार, एक पाठवलेला इनव्हॉइस, त्याचे आलेले पैसे आणि दोन पानांचा धंद्याचा साधा आराखडा आहे त्याला ही उत्तरं शोधावी लागत नाहीत, तो फक्त कागद पुढे सरकवतो.

पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट्स, टॅक्स रिटर्न, शेअरहोल्डिंगचा तक्ता, सगळं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा आणि प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते डोळ्यांत तेल घालून तपासा, पासपोर्टवर मधलं नाव आहे आणि वीजबिलावर नाही एवढ्यावरून आठवडे जातात. कागद परदेशात चालायला अपोस्टील (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) लागतं, १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये तो एक शिक्का पुरतो, चीन त्यात नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून आला. करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीतून कागद फिरवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. अपोस्टील केलेल्या कागदाचं भाषांतर लागलं तर ते त्या देशात मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

आता कंपनी

शाखा काढायची की वेगळी कंपनी, हा पहिला प्रश्न. शाखा म्हणजे तुमचीच कंपनी, तिथे कोणी केस केली तर ती मूळ कंपनीपर्यंत पोचते. वेगळी कंपनी काढली तर जोखीम साधारण तिच्यापुरती राहते. छोट्या-मध्यम धंद्याला मला तरी वेगळी कंपनीच बरी वाटते.

भांडवल आणि माणसं देशागणिक वेगळी. जर्मनीत जीएमबीएचला (मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी) २५,००० युरो भांडवल लागतं, नोंदणीच्या आधी निदान १२,५०० भरावे लागतात, आणि नोटरीशिवाय होत नाही. तिथे १ युरोपासून निघणारा यूजी हा प्रकारही आहे पण त्यात दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा राखून ठेवावा लागतो. सिंगापूरमध्ये निदान एक डायरेक्टर तिथेच राहणारा हवा आणि ६ महिन्यांत कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. यूकेत डायरेक्टर बाहेरचा चालतो पण मार्च २०२४ पासून रजिस्टर्ड पत्ता नुसता पीओ बॉक्स चालत नाही, आणि नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरची ओळख पडताळणी सक्तीची आहे. यूएईत फ्री झोन (वेगळे नियम आणि सवलती असलेले ठरावीक भाग) आणि मेनलँड (बाकीचा देश) असा भेद आहे, फ्री झोनची कंपनी स्वस्तात निघते पण तिला मेनलँडमधल्या बाजारात थेट धंदा करायला वेगळी परवानगी किंवा तिथला डिस्ट्रिब्युटर लागतो. तुमची गिऱ्हाइकं मेनलँडवर असतील तर स्वस्त पॅकेज बघून फ्री झोन घेऊ नका.

भाड्याने नॉमिनी, म्हणजे फक्त नावापुरता, डायरेक्टर देणाऱ्या फर्म असतात, कायदेशीर असतं ते पुष्कळ ठिकाणी, पण त्या माणसाकडे बँकेची सही, डोमेन, ट्रेडमार्क यातलं काहीही जाऊ देऊ नका. लोकल पार्टनर घेताना तर शेअर्स, कोण काय करणार, कोणी बाहेर पडलं तर किंमत कशी काढायची आणि बरोबरीत मतं पडली तर काय, हे सगळं पहिल्या दिवशी लिहा, तेव्हा दोघंही खुशीत असतात म्हणून लिहून होतं.

अमेरिकन एलएलसीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर, आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) फुकट देते, त्यासाठी शेकडो डॉलर मागणाऱ्यांपासून लांब राहा. आणि एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असेल तर अमेरिकेत टॅक्स निघत नसला तरी मालक आणि कंपनी यांच्यातल्या पैशांच्या व्यवहारांची माहिती देणारा फॉर्म ५४७२ भरावा लागतो, नाही भरला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. कंपनी विकणाऱ्या वेबसाइट हे मोठ्या अक्षरात सांगत नाहीत.

माणसं ठेवताना

पगार आणि खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. यूकेत एप्रिल २०२५ पासून मालकाला वर्षाच्या ५,००० पाउंडांवरच्या पगारावर १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेचा हप्ता) भरावा लागतो, जर्मनीत मालकाचा सोशल सिक्युरिटीचा वाटा साधारण पगाराच्या पाचव्या हिश्श्याएवढा जातो, फिलिपिन्समध्ये १३ वा पगार कायद्याने द्यावा लागतो आणि तो २४ डिसेंबरच्या आत. काढून टाकण्याचंही तसंच, अमेरिकेत मोंटाना सोडून सगळीकडे मालक कारण न देता काढू शकतो (भेदभावाचे कायदे सांभाळून), जर्मनीत दहापेक्षा जास्त लोकांच्या कंपनीत सहा महिने झाले की माणसाला कायद्याचं संरक्षण मिळतं. आपल्याकडचं अपॉइंटमेंट लेटर उचलून तिकडे चिकटवलं तर त्यातली अर्धी कलमं चालत नाहीत.

पहिला माणूस ठेवताना कंपनी काढायची घाई नको असेल तर एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणून सेवा मिळते, ती फर्म कागदोपत्री मालक होते, पगार आणि कपात बघते, काम तुमच्यासाठी होतं. दर महिन्याला फी जाते पण बाजार चालतो का ते बघायला बरं पडतं. मात्र तो माणूस तुमच्या नावाने करार पक्के करायला लागला तर वर सांगितलेला ठाण्याचा प्रश्न तसाच उभा राहतो. आणि पूर्णवेळ तुमचंच काम करणाऱ्याला फ्रीलान्सर म्हणून दाखवू नका, तपासणीत तो कर्मचारी ठरला तर मागचं सगळं व्याजासकट भरावं लागतं.

पहिला माणूस शक्यतो असा घ्या ज्याने त्याच बाजारात विकलंय, जो तुम्हाला "हे इथे चालणार नाही" असं तोंडावर सांगेल. त्याच्याशी आठवड्याला ठरलेल्या वेळी बोला, आणि आकडे त्याच्याकडून न मागता बँक आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून स्वतः बघा. यात अविश्वासाचं काही नाही, लांबून चालवताना हीच पद्धत ठेवावी लागते.

पैसा, चलन, करार

समजा मार्जिन १२ टक्के आहे, इनव्हॉइस परदेशी चलनात, पैसे ६० दिवसांनी. या ६० दिवसांत चलन ५ टक्के घसरलं आणि बँकेने बदलताना दरात २ टक्के खाल्ले तर तुमच्या हातात पाचच्या आसपास उरले, म्हणजे अर्ध्याहून जास्त नफा काहीही न चुकता गेला. म्हणून खर्च ज्या चलनात आहे त्याच चलनात शक्य तेवढं कमवा, मोठ्या ऑर्डरला फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा चलनाचा दर आजच पक्का करणारा करार) घ्या, नाहीतर करारात लिहा की दर अमुक टक्क्यांच्या बाहेर गेला तर किंमत पुन्हा ठरेल. चलन स्थिर दिसतंय यावरही विसंबू नका, १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँक युरोच्या तुलनेत ठरावीक दरापेक्षा महाग होऊ न देण्याची मर्यादा काढली आणि फ्रँक काही मिनिटांतच प्रचंड उसळला.

पैसा बाहेर काढता येतो का हे तर आधीच बघायचं. नायजेरियात विक्री चालू होती पण डॉलर मिळत नव्हते म्हणून परदेशी विमान कंपन्यांचे पैसे तिथेच अडकले, एमिरेट्सने २०२२ मध्ये याच कारणाने तिथली उड्डाणं थांबवली आणि ती २०२४ मध्ये परत सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला सुटका नाही मिळाली. अशा देशात नफा साठवू नका, मिळेल तसा काढत राहा किंवा तिथेच खर्चाला वापरा. तुमच्या स्वतःच्या देशाचेही पैसे बाहेर नेण्याचे आणि परदेशी कंपनी जाहीर करण्याचे नियम असतात, ते पहिला पैसा पाठवायच्या आधी पाळायचे, नंतर दुरुस्त करणं फार त्रासाचं असतं.

करारात भांडण कुठे सोडवायचं ते लिहिताना आपल्या देशाचं कोर्ट लिहिलं की जिंकल्यासारखं वाटतं, पण तो निकाल परदेशात वसूल होईल याची खात्री नसते. लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर दोघांनी मान्य केलेल्या पंचाचा, निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे जगातल्या बहुतेक देशांत वसूल करता येतो, म्हणून लवादाचं कलम, जागा आणि भाषा लिहा. छोट्या रकमांसाठी मात्र लवादही परवडत नाही, तिथे ॲडव्हान्स हाच उपाय. माल पाठवताना इन्कोटर्म्स २०२० (वाहतुकीचा खर्च आणि जोखीम कुणावर ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी) मधली अट ठिकाणासकट लिहा, आणि डीडीपी वर (ड्युटी भरून माल पोचवायची जबाबदारी विकणाऱ्याची) हो म्हणायच्या आधी बघा की त्या देशात ड्युटी आणि टॅक्स भरायला तुम्ही नोंदलेले आहात का.

चालू ठेवणं आणि बंद करणं

वर्षाच्या सुरुवातीला एक कॅलेंडर करा, वार्षिक अकाउंट्स, रिटर्न, व्हॅट, पगाराच्या कपाती, लायसन्स, व्हिसा, पत्ता रिन्यूअल, सगळ्याच्या तारखा, आणि प्रत्येकाच्या महिनाभर आधी आठवण. हे अकाउंटंटवर सोडायचं नाही, दंड कंपनीला आणि डायरेक्टरला होतो. यूकेत खासगी कंपनीचे अकाउंट्स एक दिवस उशिरा गेले तरी १५० पाउंड, सहा महिन्यांच्या वर १,५००, आणि लागोपाठ दोन वर्षं झालं तर दुप्पट, धंदा झालाच नाही तरी. डेलावेअरच्या एलएलसीला कमाई असो नसो दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर भरायचे असतात.

किती नुकसान झालं की थांबायचं तो आकडा निघायच्या आधीच ठरवा आणि घरातल्यांना, पार्टनरला सांगून ठेवा. आणि बंद करायचंय तर नीट बंद करा, नुसतं दुर्लक्ष केलं तर दंड वाढत राहतात आणि पुढे दुसऱ्या देशात खातं उघडताना ती जुनी कंपनी दिसते. जर्मनीत जीएमबीएच बंद करताना ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांना जाहीर सूचना दिल्यावर साधारण एक वर्ष थांबावं लागतं. यूकेत कंपनी रजिस्टरवरून काढायचा अर्ज करायच्या आधीचे तीन महिने तिने धंदा केलेला चालत नाही, आणि नाव निघताना खात्यात जे काही शिल्लक असेल ते राजसत्तेकडे, म्हणजे सरकारजमा होतं, तेव्हा सगळी देणी भागवून उरलेली रक्कम अर्जाच्या आधीच रीतसर काढून घ्या, डोमेन आणि ट्रेडमार्क त्या कंपनीच्या नावावर असेल तर तेही आधीच स्वतःकडे किंवा मूळ कंपनीकडे वळवा.